साथीदाराचे देणे

संगीताच्या मैफलीचा वृत्तांत वृत्तपत्राकडे येतो तेव्हा त्याची मांडणी जणू ठरूनच गेलेली असते. आरंभी गायकाचे नाव, त्यामागून त्याने आळविलेले राग, मध्यंतरी अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि समईप्रज्वलन, आणि अगदी शेवटी एक ओळ: तबल्यावर अमुक व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली. पानावर जागा अपुरी पडली म्हणजे जी ओळ सर्वांआधी कापली जाते ती हीच. मैफल ज्यांच्या बोटांवर अडीच तास उभी होती त्यांची नावे कात्रीखाली जातात आणि ज्यांनी केवळ पुष्पगुच्छ दिला त्यांची छापून येतात. ही चूक इतर कोणाची नव्हे, आम्हां वृत्तपत्रवाल्यांचीच आहे, आणि म्हणूनच आज तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

ह्या चुकीची बोचणी आम्हांस नव्याने लागली ती एका परक्या देशातील, परक्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणामुळे. रविवार, दिनांक २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ नावाच्या एका तळघरात तिघे जण वाजवावयास बसले. पियानोवर बिल एव्हान्स, डबल बास ह्या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्यावर स्कॉट लाफारो, आणि ड्रम्सवर पॉल मोशियन. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका त्या दिवशी झाल्या आणि त्या सर्व ध्वनिफितीवर उतरविण्यात आल्या. त्या दिवशी आमचा गोवा अजून पारतंत्र्यात होता. मुक्तीची पहाट उजाडावयास सहा महिन्यांचा अवकाश होता. त्या तळघरातील वादनाचा आमच्याशी त्या वेळी काडीचाही संबंध नव्हता. आज तो आहे असे आम्हांस वाटते, आणि का वाटते तेच ह्या अग्रलेखात सांगावयाचे आहे.

जॅझ म्हटले म्हणजे आमच्या बहुसंख्य वाचकांच्या डोळ्यांपुढे कर्कश तुताऱ्या आणि नाचणारी जोडपी उभी राहतात. हा समज एकांगी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने गुलामगिरीच्या आणि तिच्यानंतरच्या अपमानाच्या दिवसांत जे संगीत घडविले, त्याचा गाभा उपज हा आहे. छापील स्वरलिपी वाचून ती जशीच्या तशी वाजविणे हा युरोपीय पद्धतीचा धर्म. जॅझमध्ये चीज हाती आली की ती तत्क्षणी नव्याने फुलवावयाची असते. आमच्या गवय्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्यास ते लोक ‘स्टँडर्ड’ म्हणतात तो प्रकार तर आम्हांस फारच ओळखीचा वाटतो. नाटकातले वा चित्रपटातले एखादे लोकप्रिय गीत घ्यावयाचे, त्याची चाल एकवार मांडावयाची, आणि मग शब्द बाजूस ठेवून त्याच्या चौकटीत आवर्तनामागून आवर्तन नवी रचना करावयाची. बहुधा बत्तीस मात्राखंडांची ती चौकट असते, आणि तिच्यातील स्वरसमूहांचा क्रम तिघांनाही तोंडपाठ असतो. त्या रविवारी एव्हान्स यांनी वाजविलेले ‘माय फूलिश हार्ट’ हे गीत १९४९ च्या एका चित्रपटातले, ‘सम अदर टाइम’ हे लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या १९४४ च्या संगीतनाटकातले, आणि ‘माय मॅन्स गॉन नाऊ’ हे जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ ह्या संगीतिकेतले. रंगभूमीवरचे पद मैफलीत येऊन अर्धा तास रंगावे हे मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या गोमंतकास नवे नाही. नाट्यपदाचे जे आमच्याकडे झाले तेच ब्रॉडवेच्या गीतांचे तिकडे झाले.

मग ह्या तिघांनी वेगळे ते काय केले? त्यांच्या पूर्वी पियानो, बास आणि ड्रम्स अशा त्रयीची कामाची वाटणी सर्वसाधारणपणे ठरलेली होती. पियानोवादक हा धनी. बासवाल्याने मात्रेमात्रेवर एकेक खर्जाचा स्वर टाकून वाट आखून द्यावयाची, ड्रम्सवाल्याने झांजेवर लय धरून ठेवावयाची, आणि धन्याने त्या पक्क्या रस्त्यावरून आपला रथ हाकावयाचा. अधूनमधून धन्याच्या कृपेने साथीदारास एखादे आवर्तन मोकळे मिळे, ते संपले की तो पुन्हा आपल्या जागी. ह्या पद्धतीने थोर संगीत निर्माण झाले हे नाकारण्याचे कारण नाही. शिवाय शिकागोत १९५८ मध्ये अहमद जमाल यांच्या त्रयीने, विशेषतः त्यांचे बासवादक इझ्राएल क्रॉस्बी यांनी, बासला स्वतःचे बोलणे असते हे दाखवूनही दिले होते. परंतु वाटणी मोडून तिघांनीही एकाच वेळी उपज करावी, हा विचार एव्हान्स यांनी १९५९ मध्ये आपली त्रयी उभारताना उघडपणे बोलून दाखविला. बासवादकाच्या कानी एखादी कल्पना पडली आणि तिला उत्तर द्यावेसे त्यास वाटले, तर त्याने केवळ ठेका धरून गप्प का बसावे, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

एव्हान्स हे त्या वेळी अनोळखी नव्हते. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ ह्या विख्यात तबकडीवर बव्हंशी त्यांचाच पियानो आहे. लाफारो त्यांच्याहून सहासात वर्षांनी लहान. पंचविशीतला हा तरुण सतराअठरा वर्षांचा होईपर्यंत बासला शिवलाही नव्हता. मोशियन तिशीचे. नाव, वय आणि अधिकार ह्या तिन्ही दृष्टींनी एव्हान्स यांना धनीपण गाजविण्यास कोणीच हरकत घेतली नसती. त्यांनी ते केले नाही.

त्याचा परिणाम आजही कानांनी पडताळून पाहता येतो. ‘माय फूलिश हार्ट’ ऐकावे. पियानो एकेक स्वर अगदी सावकाश, जणू पाण्यावर पान ठेवावे तसा ठेवतो. बास त्याच्याखाली दर मात्रेला पाऊल टाकीत नाही. तो थांबतो, एखादाच खोल स्वर देतो, आणि त्या स्वराने वरच्या सुरांचा अर्थ बदलून जातो. मोशियन काठ्या बाजूस ठेवून तारांच्या कुंच्यांनी चामड्यावर नुसते घासतात आणि झांजेवर किंचित स्पर्श करतात. लय कोणीच मोठ्याने सांगत नाही, आणि तरीही ती क्षणभर सुटत नाही. ‘सोलार’ मध्ये ह्याच्या उलट प्रकार आहे. तेथे बास पियानोच्या बरोबरीने बोलतो, अनेकदा पियानोच मागे सरतो आणि ऐकतो. ऐकणे हा शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहोत. वाजविता वाजविता दुसऱ्याचे ऐकणे, आणि जे ऐकले त्याने आपल्या मनातला बेत बदलणे, ह्यालाच त्या संगीतात खरी किंमत आहे.

त्या दिवशीच्या दोन रचना तर खुद्द लाफारो यांच्या होत्या. ‘ग्लोरियाज स्टेप’ हिची चाल प्रचलित चार-चार मात्राखंडांऐवजी पाच-पाच खंडांनी सुरू होते, त्यामुळे ऐकणाऱ्यास सम आली असे वाटते तेव्हा ती आलेली नसते. ‘जेड व्हिजन्स’ ही नऊ मात्रांच्या वजनाची, अतिशय शांत, प्रार्थनेसारखी रचना. रात्रीच्या अखेरच्या बैठकीत ती लागोपाठ दोनदा वाजविली गेली. आपल्या त्रयीच्या बैठकीत साथीदाराच्या रचना वाजवावयाच्या, आणि एकदा नव्हे तर दोनदा वाजवावयाच्या, ह्यात मोठेपणा आहे. एव्हान्स यांची स्वतःची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही आपल्या लहान पुतणीसाठी रचलेली चीजही त्याच दिवशी वाजली. पण तिने इतरांची जागा खाल्ली नाही.

‘उत्स्फूर्त’ ह्या शब्दाविषयी येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. आमच्याकडे उत्स्फूर्त म्हणजे तयारीवाचून, असा एक आळशी अर्थ रूढ झाला आहे. सभेत उत्स्फूर्त भाषण करणाऱ्यांचे आम्ही बरेच काही सोसले आहे. एव्हान्स हे लुइझियानातील महाविद्यालयात पाश्चात्य अभिजात संगीत शिकून १९५० मध्ये पदवीधर झालेले होते आणि बाखचा अभ्यास त्यांनी पुढेही सोडला नाही. ही त्रयी त्या रविवारपूर्वी दीडदोन वर्षे एकत्र वाजवीत आली होती, त्याच त्या गीतांच्या वाटा शेकडो वेळा तुडवून झाल्या होत्या. वाट पायाखालची झाली म्हणूनच आडवाटेला शिरण्याचे धैर्य आले. खाप्रुमामा पर्वतकरांना लोकांनी लयभास्कर म्हटले ते काही एका रात्रीच्या लहरीमुळे नव्हे. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरणाऱ्या त्या माणसामागे जन्मभराचे गणित उभे होते. स्फूर्ती ही रियाजाची मुलगी आहे, आणि आईला टाळून मुलीशी सोयरीक करू पाहणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही.

आता ह्या कथेचा दुसरा आणि दुःखद भाग. त्या रविवारनंतर अकरा दिवसांनी, ६ जुलै १९६१ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा ह्या आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर रात्री लाफारो यांची मोटार झाडावर आदळली आणि त्यांचा अंत झाला. वय वर्षे पंचवीस. एव्हान्स त्या आघाताने असे खचले की त्यानंतर कित्येक महिने त्यांनी त्रयी घेऊन वादन केले नाही. व्यसनाच्या ज्या विळख्यात ते आधीच सापडले होते तो पुढे कधीच पुरता सुटला नाही, आणि १५ सप्टेंबर १९८० रोजी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. कलावंताच्या व्यसनास काव्याची झालर लावण्याची एक फॅशन असते, तिच्यात आम्ही सामील होणार नाही. तो केवळ नाश होता. तिघांपैकी मोशियन मात्र २०११ पर्यंत जगले आणि वार्धक्यातही त्याच तळघरात वाजवीत राहिले.

लाफारो गेल्यावर त्या फितींतून पहिली तबकडी निवडावयाची वेळ आली, तेव्हा निर्माते ऑरिन कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी अशी वादने निवडली की ज्यांत लाफारो यांचा बास ठळकपणे ऐकू यावा. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅन्गार्ड’ ही ती तबकडी. तिचा आरंभ लाफारो यांच्या रचनेने होतो आणि शेवटही लाफारो यांच्याच रचनेने. मुखपृष्ठावर एव्हान्स त्रयीच्या नावाखाली लाफारो यांचे नाव वेगळे छापले गेले. धन्याने साथीदाराचे देणे असे फेडले. उरलेल्या वादनांतून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही दुसरी तबकडी निघाली, आणि २००५ मध्ये त्या दिवसाचे सारे ध्वनिमुद्रण तीन तबकड्यांत प्रसिद्ध झाले. १९८३ पासून कीथ जॅरेट यांच्या त्रयीने जुनी गीते घेऊन जे कार्य केले त्याची मुळे शोधू गेल्यास ती ह्याच रविवारपाशी पोचतात. जॅरेट यांचे बासवादक गॅरी पीकॉक हे स्वतः १९६३ मध्ये एव्हान्स आणि मोशियन यांच्यासमवेत वाजविलेले होते.

आता आम्ही वाचकांस एका गोष्टीचा विचार करावयास सांगतो. ध्वनिमुद्रणाची सामग्री त्या तळघरात त्या रविवारी नेली नसती, ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे कोणी म्हटले असते, तर काय उरले असते? सुमारे सव्वाशे माणसांचे ते तळघर. त्या दिवशी तेथे जे बसले होते त्यांच्या आठवणी, आणि त्याही आता बहुतेक विझल्या असत्या. ध्वनिमुद्रण निर्दोषही नव्हते. दुपारच्या पहिल्याच वादनात वीज खंडित होऊन फितीत खंड पडला. पेल्यांचा किणकिणाट, मागच्या मेजावरचे हसणे, बोलणे, सारे त्यात आहे. जगातील एक श्रेष्ठ वादन चालू असताना कोणी तरी गप्पा मारीत होते हेही त्या फितीने कायमचे नोंदवून ठेवले आहे. पण निर्दोषतेची वाट पाहिली नाही म्हणूनच ते संगीत वाचले.

येथे आम्ही आपल्या अंगणात येतो. ह्या भूमीने केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ, अभिषेकी दिले हे आम्ही प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. केरीच्या केसरबाईंचा स्वर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेला हेही आम्ही सांगतो, आणि ते सांगणे योग्यच आहे. परंतु तासन् तास रंगणाऱ्या त्यांच्या मैफलीचे जे अधिकृत धन उरले आहे ते बव्हंशी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांचे. त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठसठशीत असे. तबला आणि सारंगी कोणाची, हे बहुधा लिहिलेच जात नसे. देवळांच्या चौकांत, सभामंडपांत, जत्रांच्या रात्रींत ज्या कलावंत घराण्यांनी पिढ्यानपिढ्या सारंगी आणि तबला जिवंत ठेवला त्यांतील किती हातांची नावे आज कोणास सांगता येतील?

आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या वाट्यालाही हेच आले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून जे गोमंतकीय वादक मुंबईस गेले त्यांनीच तेथील जॅझ पथके उभी केली आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंदही. हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेव्हियर वाझ, यांनी आमच्या सी. रामचंद्रांबरोबर काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’ त त्यांचे पथक पडद्यावरही दिसते. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस ह्यांचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी गेले ते १९७७ च्या एका गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे. पण ते गाणे गुणगुणणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांस ठाऊक होते की ह्या नावाचा खरा माणूस गोव्यात आहे? संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत आणि वाद्यवृंदाची नावे कोठेच नाहीत, हा तर चित्रपटसृष्टीचा दीर्घकाळचा रिवाज.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. आमची परंपरा निराळी आहे, येथे राग गायकाच्या मुखी असतो, तबल्याने ठेका सोडून भलतीकडे धाव घेतली तर मैफल मोडेल. साथ ही सेवा आहे आणि सेवेतच तिचे सौंदर्य आहे, असे जाणकार म्हणतील. ते बरोबर आहे. ख्यालाच्या विलंबित लयीत तबलजीने लाफारो होऊ पाहावे असे आम्ही सुचवीत नाही. अंगावर धावून जाणारी साथ आणि टाळ्यांसाठी केलेली सवाल-जबाबाची कसरत आम्हांसही रुचत नाही. परंतु साथीचे स्वरूप काय असावे हा एक प्रश्न आहे आणि साथीदाराचे स्थान काय असावे हा दुसरा. पहिला शास्त्राचा, दुसरा नीतीचा. शास्त्राच्या नावाखाली नीतीची पळवाट काढू नये. शिवाय समानतेचे वादन आमच्या रक्तात नाही असेही म्हणता येत नाही. चवथीच्या आरत्यांत घुमट, शामेळ आणि कांसाळे एकमेकांचा माग काढीत चढत जातात तेव्हा त्यांतील धनी कोण हे कोणी सांगावे?

म्हणून काही मागण्या आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली मागणी आमच्या स्वतःकडे आहे: मैफलीच्या वृत्तांतातील साथीदारांची ओळ ह्यापुढे कापली जाणार नाही, कापावयाचेच झाले तर पुष्पगुच्छ कापले जातील. दुसरी, देवस्थान समित्या व संगीतमंडळे यांच्याकडे: निमंत्रणपत्रिकेवर गायकाच्या नावाखाली साथीदारांची नावे त्याच मजकुरात छापावीत, आणि त्यांचे मानधन आधी ठरवून त्यांच्या हाती स्वतंत्रपणे द्यावे, गायकाच्या पाकिटातून उरले तर नव्हे. तिसरी सर्वांत निकडीची. आज खिशातल्या यंत्रावरही बरे ध्वनिमुद्रण होते, मग सभामंडपात दोन चांगले ध्वनिग्राहक लावण्यास अडचण कसली? कलावंतांची संमती घ्यावी, तारीख, स्थळ आणि प्रत्येक वादकाचे नाव नोंदवावे, आणि ते जतन करावे. वयोवृद्ध घुमटवादक, पेटीवाले, पखवाजी आज आपल्यात आहेत. उद्याचे कोणी सांगावे?

सध्या पावसाचे दिवस आहेत. जत्रा संपल्या आहेत, सभामंडप ओले आहेत, मैफली थांबल्या आहेत. श्रावणातल्या भजनी सप्ताहांपासून पुन्हा पेट्या उघडतील आणि तबले सुरात लावले जातील. तयारीस हाच अवकाश आहे. आणि ह्या ओल्या संध्याकाळी ज्यांना शक्य असेल त्यांनी ती न्यूयॉर्कची तबकडी एकदा अवश्य ऐकावी. पहिल्या खेपेस पियानो ऐकावा, तो आपोआप ऐकू येईलच. दुसऱ्या खेपेस मात्र पियानोकडे दुर्लक्ष करून खालचा खोल स्वर तेवढा ऐकावा. त्या स्वराच्या धन्यास केवळ अकरा दिवस उरले होते. ही सवय एकदा कानांस लागली म्हणजे पुढच्या मैफलीत आपली नजर गायकावरून किंचित उजवीकडे वळेल, आणि तेथे खाली मान घालून बसलेल्या माणसाचे नाव आपण शेजाऱ्यास विचाराल. तेवढे झाले तरी ह्या अग्रलेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.